एकाच हॉटेलला पाच स्टार आणि एक स्टार: चायनीज-थाई टाकण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओनंतर सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "सर, सावलीत पॅन-एशियन चालेल का?" कुणी मूलहून विचारलं, कुणी सिंदेवाहीहून, कुणी नदीपलीकडून गडचिरोलीहून. शब्द वेगळे, प्रश्न तोच. चायनीजच्या गाड्या तर झाल्या, आता एक पायरी वर जाऊन बसायला टेबल, भिंतीला रंग, पाटीवर चायनीज-थाई-मोमो.

माझं उत्तर सरळ आहे. चालेल. पहिले तीन महिने तर धो धो चालेल, कारण गाव नवीन जागा बघायला येतंच. प्रश्न चौथ्या महिन्याचा आहे, आणि त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं आहे. कुठे? चंद्रपूर, नागपूर, पुणे, कुठल्याही शहराच्या मेन रोडवरचं मध्यम दराचं पॅन-एशियन हॉटेल घ्या आणि मॅपवर त्याचे रिव्ह्यू उघडा. (पॅन म्हणजे इथे तवा नाही हं. पॅन म्हणजे 'सगळं मिळून'. चीन, थायलंड, जपान, व्हिएतनाम, सगळं एकाच मेनूत.) एक जण लिहितो, नूडल्स एक नंबर, पुन्हा येणार. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, नूडल्सचा गचका झाला होता, तेल सुटलं होतं, अर्धा तास थांबवलं. तिसरी ताई म्हणते, मुलाच्या वाढदिवसाला गेलो, फार छान झालं. चौथा म्हणतो, स्टार्टर शेवटी आणलं आणि बिल आधी.

हे सगळे एकाच हॉटेलात जेवलेत. खोटं कुणीच बोलत नाही. तरीही बहुतेक मालक हे वाचून म्हणतात, "सगळ्यांना कोण खूश करू शकतं, ज्याची त्याची चव." धंद्यातलं हे सर्वात महागडं वाक्य आहे असं माझं मत आहे, आणि आजचा लेख त्याच्याविरुद्ध आहे.

चव ज्याची त्याची असती तर काय झालं असतं बघा. कुणाला तिखट लागलं असतं, कुणाला फिकं. पण रिव्ह्यूत तसं फार कमी असतं. एकाला नूडल्स मोकळ्या मिळाल्या आणि एकाला चिकट, यात चवीचा प्रश्न कुठे आला? त्या दोन वेगळ्या प्लेट होत्या. एकाच किचनमधून दोन हॉटेलं चाललीत, आणि गिऱ्हाईक कुठल्या हॉटेलात जेवणार हे तो कोणत्या वारी आणि किती वाजता आला यावर ठरतं.

म्हणून तारीख बघायला शिका. साधा साडेतीन स्टारचा आकडा काहीच सांगत नाही. दहा जणांनी तीन-चार, तीन-चार असे स्टार दिले तरी सरासरी साडेतीन येते, आणि पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी दोन दिले तरी साडेतीनच. पहिलं हॉटेल रोज बेताचं बनवतं. दुसऱ्या हॉटेलाला उत्तम बनवता येतं, फक्त रोज जमत नाही. मला विचाराल तर मी दुसरं हॉटेल विकत घेईन. त्याला स्वयंपाक शिकवायचा नाही, फक्त रविवार सांभाळायला शिकवायचा आहे.

आता रविवारी रात्री किचनमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही आणि सगळा खेळ इथेच आहे. चायनीज कढईचं काम प्रचंड आचेवर चालतं. म्हणून ती मोठी भट्टी, तो भर्रर्र आवाज. कढई लाल होईपर्यंत तापलेली, त्यात एक किंवा दोन प्लेटचा माल, दोन-तीन मिनिटं परतलं, उतरवलं. पाणी तिथल्या तिथे उडून जातं, नूडल्स मोकळ्या राहतात, भाज्या कचकचीत राहतात आणि तो एक धुराचा वास लागतो ज्यासाठी लोक घरचं सोडून बाहेर खातात. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता दोन टेबलं भरलेली असताना तुमचा कारागीर हेच करतो. पाच स्टार.

रविवारी साडेआठला सात टेबलं एकदम बसतात. ऑर्डरच्या चिठ्ठ्या लटकतात. कारागीर बिचारा हुशारी करतो, चार प्लेट हाक्का एकदम टाकतो. झालं! गार नूडल्स आणि ओल्या भाज्या चारपट पडल्या की कढईची आच बसते. आता ते परतलं जात नाही, वाफेवर शिजतं. भाज्यांना पाणी सुटतं, नूडल्स ते पितात, चिकटतात. मग मोकळं करायला वरून तेल. तोच कारागीर, तोच सॉस, त्याच नूडल्स. दोन स्टार. मालक गल्ल्यावर बसून खूश, कारण आज विक्री दुप्पट. त्या रात्री नवीन गिऱ्हाईक सर्वात जास्त येतं आणि त्याला सर्वात वाईट प्लेट मिळते, हे त्याला दिसतच नाही.

पुण्यात हे परवडतं. रुसलेला एक गेला तर दुसरा नवा येतो. सावलीत तसं नाही. आपल्या तालुक्याच्या गावात हॉटेलात बसून चारशे-पाचशेचं बिल करणारी घरं मोजकी असतात: शाळेतले सर आणि मॅडम, तहसील आणि बँकेतले लोक, दुकानदार, धान विकून झाल्यावर हात सैल झालेले शेतकरी. हिशोब करा. समजा चार जणांचं घर महिन्यातून दोनदा येतं आणि ४५० रुपयांचं बिल करतं. वर्षाचे झाले १०,८००. अशी दहा घरं रविवारच्या गचक्यामुळे तुटली तर १,०८,००० रुपयांचा गल्ला गेला. कच्चा माल वजा करून निम्मे धरा, ५४,०००. आता तुम्ही मुद्राच्या किशोर गटात ५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं असेल, तर हप्ता साधारण १०,९०० रुपये येतो. म्हणजे दहा घरं रुसली आणि तुमचे पाच हप्ते गेले. आणि ही घरं एकटी रुसत नाहीत, लग्नाच्या मांडवात सांगत फिरतात.

"सर, सावलीत रिव्ह्यू कोण वाचतो?" हा पुढचा प्रश्न मला माहीतच आहे. गावातला माणूस वाचत नाही, त्याला शेजारी सांगतो. पण सावली चंद्रपूर-मूल-गडचिरोली रस्त्यावर आहे. या रस्त्यानं जाणारे नोकरदार, एमआर, कंत्राटदार, गाडी बाजूला घेऊन मोबाईलवर "रेस्टॉरंट" टाकतात आणि स्टार बघून वळतात. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास मांडला. येल्प नावाच्या साइटवर एक स्टार वाढला की हॉटेलचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. आणि आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे: हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर झाला, मोठ्या साखळी हॉटेलांवर नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. तुमचं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून तुमच्यासाठी स्टार हेच नाव.

मेनूकडे वळू. इथे मी जरा कडक बोलणार आहे. पहिल्यांदा हॉटेल टाकणारा माणूस मेनू छापायला गेला की त्याला जग जिंकायचं असतं. एकशेवीस पदार्थ. सिंगापुरी नूडल्स, हाँगकाँग नूडल्स, थाई नूडल्स, बर्मीज काहीतरी. किचनमध्ये मात्र सॉसच्या बाटल्या तीनच: सोया, चिली, शेजवान. मग थाई म्हणजे त्याच शेजवानात थोडं नारळाचं दूध. ज्यानं नागपुरात किंवा पुण्यात खरी थाई करी खाल्लीय तो लिहितो "फसवणूक", आणि ज्यानं कधीच खाल्ली नाही तो म्हणतो "गोड कसली ही भाजी". एकाच वाटीनं दोघं नाराज.

खरं थाई करायला गलांगल लागतं, लेमनग्रास लागतं, मकरूट लिंबाची पानं लागतात. ती सावलीत ताजी कुठून येणार, किती दिवस टिकणार, आठवड्यात तीन प्लेट खपल्या तर उरलेल्याचं काय? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर करा. पुण्यात कोरेगाव पार्कमध्ये चंदावरकर दांपत्यानं १९९७ साली मलाका स्पाइस सुरू केलं ते आग्नेय आशियाचं जेवण घेऊनच, आणि ते नाव आजही टिकून आहे. पण तिथलं गिऱ्हाईक, तिथला पुरवठा वेगळा. गाव बघून मेनू छोटा करण्यात कमीपणा काही नाही.

मोमोचं उदाहरण घ्या. वाव मोमो ही कंपनी २००८ मध्ये कोलकात्यात सागर दर्यानी आणि बिनोद होमगाई या दोन कॉलेजच्या मित्रांनी सुरू केली. तीस हजार रुपयांवर. सुरुवात एका पदार्थावर झाली, पूर्ण आशिया खंडावर नाही.

माझं मत विचाराल तर सावलीत पहिल्या वर्षी पंधरा-सोळा पदार्थ पुरे. हाक्का, फ्राईड राईस, मंचुरियन कोरडं आणि ग्रेव्ही, चिली चिकन, चिली पनीर, दोन सूप, मोमो, आणि एकच असा पदार्थ जो दुसरीकडे मिळत नाही. फ्राईड राईससाठी बासमतीच्या मागे धावू नका. आपल्या जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान शोधलं, अन् आपण 'चायनीजला बासमतीच लागतो' म्हणत बाहेरून पोती आणतो! बारीक तांदूळ एक कणी कमी शिजवा, परातीत पसरून गार करा, दाणा मोकळा राहतो.

पण गार करणं आणि बाहेर ठेवणं यात फरक आहे. दुपारी शिजवलेला भात रात्री दहापर्यंत किचनच्या कोपऱ्यात पडून राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो. फ्राईड राईस खाऊन उलट्या होण्याच्या प्रकरणांत तो जगभर बदनाम आहे, आणि त्यानं सोडलेलं विष पुन्हा परतलं तरी जात नाही. पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात तर याला पर्यायच नाही. एखाद्या गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं तर तो रिव्ह्यू कुठल्याही उत्तरानं पुसला जात नाही.

रिव्ह्यू फाटण्याचं अजून एक कारण आहे, आणि ते किचनमध्ये नाही, गिऱ्हाइकाच्या डोक्यात आहे. मंचुरियन घ्या. चीनमध्ये हा पदार्थ मिळत नाही. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो बनवला असं सांगतात: आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. म्हणजे पदार्थच आपला. त्यामुळे 'ओरिजिनल' म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं. कुणासाठी ओरिजिनल म्हणजे चंद्रपूरला कॉलेजात असताना खाल्लेली गाडीवरची लालभडक प्लेट. कुणासाठी नागपूरच्या एसी हॉटेलातली तपकिरी ग्रेव्ही. तुम्ही काहीही बनवा, यातला एक म्हणणार, "भाऊ, आज मजा नाही आली."

या लाल रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. घालू नका. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यातल्या १०७ मध्ये कृत्रिम रंग सापडले. त्यांत रोडामाइन-बी होता, जो कापड रंगवायला वापरतात. सरकारनं अशा रंगांवर बंदी घातली. त्याआधीच गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेनं, बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी, गोबी मंचुरियनच्या स्टॉलवरच बंदीचा निर्णय घेतला होता. स्वच्छ बनवणाऱ्याचाही धंदा त्यात बसला असणार. तुम्ही काश्मिरी मिरची भिजवून वाटा, जेवढा रंग येईल तेवढा येऊ द्या आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: आमच्याकडे रंग घालत नाहीत. मग फिकं मंचुरियन बघून गिऱ्हाईक "काहून असं?" विचारणार नाही, उलट पोरांना घेऊन येईल.

आधी सांगण्याची ताकद किती असते याचा एक दाखला देतो. लंडनमध्ये १९९२ साली अॅलन याव यांनी वागामामा सुरू केलं. लांबलचक बाकं, अनोळखी लोकांनी शेजारी बसायचं, आणि पदार्थ जसा तयार होईल तसा टेबलावर येणार. नवऱ्याच्या नूडल्स आल्या, बायकोच्या अजून नाहीत, असं तिथे होणारच. पण ते आधी सांगतात: आमच्याकडे असंच असतं, ताजं बनतं तसं येतं. पटलं तो बसतो, नाही पटलं तो उठतो. न सांगता तेच झालं तर तो गलथानपणा. आता तुमच्या हॉटेलात रविवारी आठ ते साडेनऊ गर्दी असते ना? मग दारावर पाटी लावा: रविवारी या वेळेत पंचवीस मिनिटं लागतील, एका वेळी दोनच प्लेट कढईत टाकतो. काही जण निघून जातील. जाऊ द्या. वाईट प्लेट खाऊन गेलेला परत येत नाही, पाटी वाचून गेलेला मंगळवारी येतो.

गर्दीच्या रात्री मेनूही वेगळा हवा. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा, मंडईचा, शंकरपटाचा हंगाम सुरू होतो. नाटकाच्या रात्री गावात पाहुणे असतात, सगळ्यांना पडदा उघडायच्या आत खाऊन मोकळं व्हायचं असतं. त्या रात्री सोळा पदार्थ देऊ नका. चार द्या. सूप, मोमो, मंचुरियन, फ्राईड राईस. सूप मोठ्या गंजात तयार असतं, मोमो वाफेवर असतात, कढईवर फक्त दोन कामं राहतात. त्या रात्री पहिल्यांदा आलेला माणूसही तुमची मंगळवारची प्लेट खाऊन जाईल.

व्हेज-नॉनव्हेजबद्दल थोडक्यात, पण हे हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे एकच माणूस बुधवारी चिली चिकन खातो आणि सोमवारी उपास सोडायला व्हेज मागतो. श्रावणात तर अख्खं घर व्हेज. मोमोत एक तुकडा चुकीचा निघाला तर तो रिव्ह्यू चवीचा राहत नाही, श्रद्धेचा होतो. कढई वेगळी, तळणाचं तेल वेगळं, झारा वेगळा, आणि हे गिऱ्हाइकाला बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे. दोन रंगांच्या मुठी बसवून घ्या, खर्च काही नाही.

कारागीर गेला की चव गेली, हे तर तुम्ही पाहिलंच असेल. रिव्ह्यूत "पहिल्यासारखं राहिलं नाही" असं वाक्य दिसलं की समजा, त्या महिन्यात किचनमधला माणूस बदलला. उपाय कंटाळवाणा आहे. सॉस आधीच मोजून एकत्र करून ठेवा, चमच्यानं, अंदाजानं नाही. कागद भिंतीला चिकटवा. कारागीर नाराज होईल, म्हणेल "माझ्या हाताला माप आहे." त्याला मान द्या, पगार वेळेवर द्या, पण कागद काढू नका.

आणि रिव्ह्यूला उत्तर कसं द्यायचं? "आमच्याकडे कुणाचीच तक्रार नाही, तुम्हालाच काय झालं" असली उत्तरं मी रोज वाचतो. ते उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी असतं. एवढंच लिहा: "दादा, रविवारी उशीर झाला हे खरं आहे. आता त्या वेळेत आम्ही कमी ऑर्डर घेतो. मंगळवारी या, गरम करून वाढतो." भाच्याला, मेव्हण्याला सांगून पाच स्टार टाकून घेऊ नका. सावलीसारख्या गावात कुणाचा मेव्हणा कोण हे सगळ्यांना माहीत असतं. आणि भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय, म्हणजे सरकारचंही तिकडे लक्ष आहे.

अजून हॉटेल टाकलं नसेल त्यांच्यासाठी या आठवड्याचं काम. कर्जाचा फॉर्म बाजूला ठेवा. चंद्रपूर किंवा नागपूरचं एक मध्यम दराचं चायनीज-थाई हॉटेल निवडा, त्याचे शेवटचे चाळीस रिव्ह्यू वहीत उतरवा. चार रकाने पाडा: वार, पदार्थ, किती वेळ थांबले, काय म्हणाले. पोस्ट ज्या दिवशी केली तो वार मॅपवर अंदाजे कळतो. मग स्वतः तिथे दोनदा जा, एकदा मंगळवारी सातला, एकदा रविवारी पावणेनऊला, आणि दोन्ही वेळा तोच हाक्का मागवा. तीनशे रुपये जातील. वहीचा फोटो मला पाठवा. पुढच्या व्हिडिओत भट्टी, कढईचा आकार आणि सिलेंडरचा हिशोब घेणार आहे, त्यात तुमच्याच वहीतली उदाहरणं घेईन.